आकडे भिंतीकडे

भाडळे मामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भिंतीला काहीतरी दाखवत होते.

कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, भर दुपार, माझ्या वर्गातली पोरं जेवायला गेलेली. स्टँडला ब्युरेट लावलेलं. ब्युरेट म्हणजे खाली तोटी असलेली, अंगावर आकडे कोरलेली लांब काचेची नळी. मामांनी ती फिरवून आकड्यांची बाजू भिंतीकडे केली होती आणि स्वतः मागच्या कोऱ्या बाजूनं खालच्या फ्लास्कमध्ये थेंब सोडत होते. नजर फ्लास्कवर. मी दारात दोनेक मिनिटं उभी होते. तेवढ्या वेळात त्या माणसाची छाती वरखाली झालेली मला दिसली नाही.

"मामा, उलटं लागलंय ते," मी म्हटलं.

उत्तर नाही. ओठ मात्र हलत होते, आवाजाशिवाय. अर्ध्या मिनिटानं म्हणाले, "उलटं नाही. मला कळू नये म्हणून."

"काय कळू नये?"

पुन्हा अर्धं मिनिट. "किती झालं ते."

मग तोटी बंद केली, नळी फिरवली, आकडा वाचला आणि कागदावर लिहून कागद पालथा घातला. मला दाखवला नाही.

मामा म्हणजे प्रयोगशाळेतले परिचर. पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजात अशा माणसाला मामा म्हणतात आणि त्यांचं पहिलं नाव कुणालाही ठाऊक नसतं. तीस वर्षं त्यांनी बाटल्या धुतल्या, काच पुसली आणि परीक्षेसाठी 'अननोन' बनवलं. अननोन म्हणजे किती तीव्रतेचं आहे हे पोरांना न सांगता दिलेलं ॲसिड. त्यात फिनॉल्फ्थॅलीन या रंगसूचकाचे दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून मोजकं अल्कली सोडत जायचं. ॲसिड आहे तोवर पाणी कोरं. ॲसिड संपलं की एका थेंबात फिकट गुलाबी. तो रंग अर्धं मिनिट टिकला की थांबायचं, किती अल्कली लागलं ते वाचायचं आणि त्यावरून ॲसिड किती होतं याचं गणित करायचं. सगळ्या इमारतीत ते उत्तर आधीपासून माहीत असलेला माणूस एकच. त्याचा हुद्दा चतुर्थ श्रेणी, आणि बसायला स्टूल, तेही तीन पायांचं.

अर्धं मिनिट मोजायची ही सवय त्यांच्या हाडात गेली होती. काहीही विचारा, ओठ हलायचे, मग उत्तर यायचं. फोनवर समोरचा माणूस हॅलो हॅलो करून ठेवून द्यायचा. स्टाफरूमात त्यावर विनोद व्हायचे. मला त्यांच्यासमोर नुसतं उभं राहणंही जड जायचं. आपण बोललेलं वाक्य त्यांच्यासमोर टांगलेलं आहे आणि ते त्याला रंग येतो का बघतायत, असं वाटायचं.

आणि हात. तीस वर्षांच्या अल्कलीनं त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसून टाकल्या होत्या. दहाही बोटं गुळगुळीत, किंचित चकाकणारी. कॉलेजात हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा मशीननं मामांना ओळखायला साफ नकार दिला. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येणारा हा माणूस मशीनच्या लेखी वर्षभर गैरहजर होता. ऑफिसातल्या लेल्यांनी त्यांना बोलावून घेतलं.

"भाडळे, आपण कामावर येता याचा काही पुरावा?"

मामांचे ओठ हलले. "आता समोर उभा आहे, साहेब."

"ते मला दिसतंय. मशीनला दिसत नाही. आणि रिपोर्ट मशीन पाठवतं."

शेवटी त्यांच्या नावावर रजा मांडल्या गेल्या. यावर मी माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. दोन पानं, सतरा उद्गारचिन्हं. मामांनी ते वाचलं, नीट घडी केली आणि म्हणाले, "यात मी 'रोज आठ तास ॲसिडात हात घालतो' असं आहे. अल्कलीत घालतो. आणि आठ नाही, चारेक."

"मामा, मुद्दा तो नाहीये."

"मुद्दा तोच असतो," ते म्हणाले.

त्यांची बायको, मामी, पुढे एकदा मला म्हणाली, "ह्यांचा हात अंधारात लागला तर मानसाचा वाटत न्हाय बघ. काचंचा वाटतो." म्हणाली आणि हसली, पण मला हसू आलं नाही.

मामांचा एक नियम होता. तिसरं रीडिंग होईपर्यंत त्या खोलीत कुणी आकडा तोंडानं उच्चारायचा नाही. एखादा पोरगा म्हणालाच, "पहिलं नऊ पॉइंट दोन आलं रे," तर मामा येऊन त्याचा फ्लास्क सरळ सिंकमध्ये ओतून टाकायचे. "आकडा बोलला की फ्लास्क ऐकतो," एवढंच म्हणायचे. आम्ही हसायचो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ही असली अंधश्रद्धा, यावरही एक पत्रक लिहायचं माझ्या मनात होतं.

मग आमची शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. उत्तराची चिठ्ठी फुटली होती. ब्युरेटवर नऊ पॉइंट चार यायला हवं, हे आदल्या दिवशीच सगळ्यांच्या फोनवर पोचलं होतं. परीक्षा घेणाऱ्या सरांच्या ते कानावर गेलं आणि त्यांनी मामांना सकाळीच सांगितलं, अननोन बदला. मामांनी बदललं. आता बरोबर उत्तर होतं नऊ पॉइंट नऊ. आम्हाला पत्ता नाही.

वीस जण होतो. एकोणीस जणांनी नऊ पॉइंट चार लिहिलं. यात काय मोठंसं, कॉपी केली, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं असतं, पण मी त्या एकोणिसांत होते. मी खोटं लिहिलं नाही. नऊ पॉइंट चारला मला गुलाबी दिसला. मी फ्लास्क खिडकीच्या उजेडात धरला, पांढऱ्या टाइलवर ठेवून पाहिला, शेजारच्या मुलाला दाखवला. तो म्हणाला, "आला की." मामा मागून गेले, माझ्या फ्लास्ककडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. ती नजर मला तेव्हा कळली नाही. घरी मयत झालेलं ज्याला अजून कुणी सांगितलेलं नाही अशा माणसाकडे आपण तसं बघतो.

नऊ पॉइंट नऊ लिहिणारी एकटी नीलिमा. तिला फोन नव्हता, म्हणून चिठ्ठी तिच्यापर्यंत पोचली नव्हती. सरांना गवगवा नको होता. एकोणीस पोरांना नापास करायचं म्हणजे चौकशी, समिती, वर्तमानपत्र. त्यांनी नऊ पॉइंट चार हेच उत्तर धरलं आणि नीलिमाला प्रयोगात जवळजवळ काहीच गुण दिले नाहीत. मामा सरांच्या केबिनमध्ये गेले. काचेचं दार होतं, आम्ही बाहेरून ऐकत होतो.

"सर, बरोबर ती एकटी आहे."

"भाडळे, आपण बाटल्या धुवाव्यात."

मामा बाहेर आले. ओठ हलत होते. आमच्याजवळ थांबून म्हणाले, "खोटं लिहिणारं पोरगं मान खाली घालतं. तुम्ही कुणी घातली नाही. वीसच्या वीस फ्लास्क मी पाहिले. एकोणिसांत रंग नव्हता. पण तुम्हाला दिसत होता." आणि बाटल्या धुवायला गेले.

नीलिमासाठी आम्ही एकानंही तोंड उघडलं नाही. मी तर सगळ्यांत मोठ्या तोंडाची, आणि मीही नाही. त्यानंतरच्या माझ्या सगळ्या आरडाओरड्याखाली हे दडलेलं आहे, ते लिहून टाकलेलं बरं.

मामा निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. त्यांनी त्याशिवाय एक ब्युरेट मागून घेतलं, टोक उडालेलं, मोडीत काढलेलं. लोकांच्या तक्रारी घेऊन भांडणारी आमची संघटना तोवर उभी राहिली होती, मी पूर्णवेळ त्यात होते, आणि काही वर्षांनी एका तक्रारीचा माग काढत वाघोलीच्या एका वस्तीत गेले तर तिथे मामांचं घर.

तक्रार अशी. वस्तीच्या मागे पत्र्याची शेड. तिथे गंजलेले पाइप ॲसिडात बुडवून धुवायचे आणि वापरलेलं ॲसिड मागच्या चरात सोडून द्यायचे. चरापासून शंभर पावलांवर विहीर. विहीर मामांची, त्यांनी भावांबरोबर स्वतः खोदलेली, पण पाणी सगळी वस्ती भरायची. पाणी आंबट झालं होतं. पिणं बंद झालं होतं, पण टँकर आठवड्यातून दोनदा, त्यामुळे भांडी आणि कपडे त्याच पाण्यात. मामीच्या हातांची सालं निघत होती. म्हैस बादलीला तोंड लावत नव्हती.

मला इतका संताप आला की त्याच दिवशी पत्रक लिहिलं. आमच्यातला समीर, आयटीत काम करून शनिवार-रविवार आमच्याबरोबर फिरणारा, रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या घेऊन आला होता. पट्टीचा रंग दोन आणि तीन या खुणांच्या मध्ये कुठेतरी होता. खूण जितकी लहान तितकं ॲसिड जास्त; समीरनं दोनच्या जवळचा धरला. "वर्स्ट केस पकड ना यार, शेडवाला काय बेस्ट केस पकडणारे?" त्यावरून गणित केलं: लिटरमागे दोनशे सात मिलिग्रॅम ॲसिड. बुधवार पेठेतल्या छापखान्यात पाच हजार पत्रकं छापून झाली. मथळ्यातच आकडा होता. आठवड्यानं सरकारी अधिकारी पाहणीला येणार होते आणि वस्तीसमोर सुनावणी होणार होती. त्याआधी कुणीतरी जाणत्यानं आकड्याला मान डोलवावी, म्हणून मी मामांकडे गेले.

मागच्या खोलीत खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं ते ब्युरेट होतं. टोकाला प्लॅस्टिकची बारीक नळी बसवलेली. आकडे भिंतीकडे.

"मामा, विहिरीचं पाणी करून बघायचंय. समीरनं उलटं गणित केलंय. ब्युरेटवर चौदा पॉइंट दोन यायला पाहिजे."

मामांनी डोळे मिटले. घरी ते गावचं बोलायचे. "बोललीस," ते म्हणाले. "आता तुझ्या हातानं व्हायचं न्हाय."

"मामा, प्लीज. मी बीएस्सी केमिस्ट्री आहे."

"ते मला ठावं हाय."

तरी त्यांनी तयारी करून दिली. पाठ माझ्याकडे करून तीन फ्लास्कमध्ये पाणी मोजून घातलं, छोट्या बाटलीतला ड्रॉपर तिन्हींवर धरला. पाण्याला गंजाची किंचित झाक होती. मी ब्युरेट फिरवून आकडे माझ्याकडे केले, म्हटलं हे भिंतीचं सोंग आपल्याला जमत नाही. पहिलं रीडिंग चौदा पॉइंट दोन. दुसरं चौदा पॉइंट दोन. तिसरं चौदा पॉइंट तीन. तिन्ही वेळा मी फ्लास्क उजेडात धरून तो फिकट गुलाबी पाहिला. अगदी नखाच्या मुळाशी असतो तसा.

"मामा, आलं. बघा तुम्हीच."

मामा फ्लास्ककडे न बघता माझ्याकडे बघत होते. ओठ हलत होते. अर्धं मिनिट झालं.

"तिन्हीत मी थेंब टाकलंच न्हाईत," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तसं मान वळवून मी फ्लास्क पाहिला. फिनॉल्फ्थॅलीनशिवाय तिथे गुलाबी येऊच शकत नाही, दिवसभर अल्कली ओतत बसलात तरी. फ्लास्कमध्ये गढूळ पिवळसर पाणी होतं. आणि खोटं कशाला सांगू, मला त्याच्या कडेला अजूनही गुलाबी दिसत होता. मी डोळे चोळले. तो जायला बराच वेळ लागला.

मग मामांनी नव्यानं पाणी घेतलं, या वेळी थेंब टाकले, नळी भिंतीकडे वळवली. तीन वेळा केलं. नंतर आकडा वाचला. आठ पॉइंट सहा. लिटरमागे एकशे सव्वीस.

"म्हणजे ॲसिड आहेच," मी म्हटलं.

"हाय."

"मग काय फरक पडतो?"

"तुझा आकडा वस्तीत नेऊ नको. खोडून खाली खरा लिही."

"पाच हजारांवर?"

मामी दारातून म्हणाली, "आगं, ह्यांचं ऐकू नको. जास्तच लिव्ह. माजं हात बघ." आणि हात पुढे केले. मी ते हात पाहिले आणि माझा निर्णय झाला. त्याचा दोष मी मामींवर टाकत नाही. समीरला सगळं सांगितलं, तो म्हणाला, "छापून झालंय, अनघा," आणि मला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः घरोघर पत्रकं वाटली.

पुढचं मी जसं घडलं तसं सांगते. दोन दिवसांत वस्तीतल्या लोकांना पाणी जास्त आंबट लागायला लागलं. ठीक, ते आंबट होतंच. मग वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, ज्यांच्याकडे वेगळी बोअर होती, त्यांनाही लागायला लागलं. मग ज्यांच्याकडे टँकरचं पाणी होतं त्यांना. एका बाईच्या घशात जळजळ सुरू झाली, तिच्या जावेच्या हातावर चट्टे आले. चट्टे मी पाहिले, खरे होते. लोक बाटल्या भरून मामांच्या दारात रांग लावू लागले. मामांनी प्रत्येक बाटली करून पाहिली, आकडे भिंतीकडे ठेवून. बोअरच्या पाण्यात पहिल्याच थेंबाला गुलाबी आला, म्हणजे ॲसिड नाहीच. टँकरच्याही.

"काय न्हाय ह्यात," मामा सांगायचे.

"काय न्हाय कसं? जिभेला कळतंय की आमच्या."

"जिभेला कळतंय. पाण्यात न्हाय."

"किती दिलं शेडवाल्यानं, मामा?"

हे त्यांच्या तोंडावर विचारलं गेलं, त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच चुलत पुतण्याकडून. मामांचे ओठ हलत राहिले. त्या वेळी उत्तर आलंच नाही.

सुनावणी वस्तीतल्या मारुतीच्या देवळापुढे झाली. अधिकाऱ्यांनी आपली तपासणी आधीच केली होती. शेडवाल्यानं माझं पत्रक हातात धरून विचारलं, "ह्यांचा दोनशे सात. तुमचा किती आला, साहेब?" अधिकारी म्हणाले, एकशे चोवीस. शेडवाला हसला. "निम्म्याच्या जवळ खोटं इथंच सापडलं. बाकीचं काय धरायचं?" समीर खाली बघत होता. मी बोलायला उठले आणि पुन्हा खाली बसले.

मामा उठले. हातात शाळेची दोनशेपानी वही. दोन वर्षं दर रविवारी त्यांनी विहिरीचं पाणी केलं होतं. प्रत्येक पानावर तारीख, तीन रीडिंग. कुणालाही न सांगितलेले आकडे, हळूहळू चढत गेलेले, शेड सुरू झाली त्या महिन्यापासून. शेवटचं पान एकशे सव्वीस. अधिकाऱ्यांनी वही चाळली, पुन्हा चाळली आणि शेडवाल्याला विचारलं, "तुमची शेड कधी सुरू झाली म्हणालात?"

शेड बंद झाली. पत्रे उतरवून नेले, चर बुजवला. हे मामांच्या वहीनं झालं, माझ्या पत्रकानं जवळजवळ मोडलं होतं. वस्तीत मात्र अजूनही उलटं सांगतात.

पावसाळा गेला. दोनदा विहीर उपसली. मामांच्या वहीत आकडे उतरत उतरत शून्यावर आले. सरकारी तपासणीचा कागदही आला, पाणी पिण्याजोगं आहे म्हणून. तो मामांनी विहिरीच्या कठड्यापाशी पाटीवर चिकटवला. कुणी पाण्याला हात लावला नाही.

मी गेले ती सकाळ होती. टँकर आला होता, रांग लागली होती, आणि ती रांग विहिरीला वळसा घालून उभी होती. रांगेत मामी होती, दोन कळशा घेऊन. हात बरे झाले होते.

"मामी, घरची विहीर सोडून?"

"आंबट हाय," मामी सहज म्हणाली.

"मामा काय म्हणतात?"

"त्ये म्हनतात न्हाय. त्यांच्या जिभंचं काय, तीही काचंचीच असंल."

मामा कठड्यावर बसले होते. शेजारी बादली, हातात पेला. बऱ्यापैकी खंगले होते. मला बघून सरकून जागा केली. पाणी असं स्वच्छ की तळाचा दगड न् दगड दिसत होता. रांगेतली माणसं आमच्याकडे बघत होती.

मामा पेला भरून स्वतः प्याले. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मग पुन्हा भरला आणि माझ्यापुढे धरला.

मला वहीतला शून्य माहीत होता. कागद माझ्या डोळ्यांसमोर चिकटवलेला होता. मी मोठा घोट घेतला.

आंबट होतं. जिभेच्या दोन्ही कडांना, दातांच्या मुळाशी, स्पष्ट आंबट.

मी गिळलं. रांगेतल्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मामी बघत होती. गोड आहे म्हणून मला ओरडून सांगता आलं असतं. आवाज माझा मोठा आहे, त्याच्यावरच तर सगळं चाललंय. मी पेला कठड्यावर ठेवला.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी त्यांचे ओठ हलले नाहीत. त्यांनी विचारलं नाही कसं लागलं म्हणून. पेल्यात उरलेलं माझं उष्टं पाणी ते प्याले, उठले, आणि रांगेकडे पाठ करून त्यांनी पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.